धाकटीचा अकरावीचा फॉर्म

आमच्या गावावरून विमानं जातात असं मी म्हणत नाही, कारण ती जात नाहीत, ती फिरतात. गावापासून चार किलोमीटरवर धावपट्टी आहे. तिथे मुलं विमान चालवायला शिकतात. एक छोटं विमान उठतं, वळतं, आमच्या धानाच्या बांध्यांवरून सरळ जातं, पुन्हा वळतं, खाली उतरतं, आणि चाकं टेकली न टेकली की परत उठतं. सकाळपासून हेच चालतं. बाबूजी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर उभे राहून वर पाहायचे आणि म्हणायचे, "चुरणा लावला वाटते यानं." चुरणा म्हणजे खळ्यावर धानाच्या पेंढ्या पसरून त्यावर बैल गोल फिरवायचे, ती मळणी. "बैलाच्या पायाखालून तं धान निंगते. याच्या पायाखालून काय निंगून राहिलं?"

विमान चालवणाऱ्या पहिल्या बायकांवर आता पुस्तकं निघतात, शाळेच्या भिंतीवर त्यांची चित्रं लागतात. चांगली गोष्ट आहे. एक बाई उडाली, तिला पाहून दुसरी उडाली, दुसरीला पाहून तिसरी, असं त्यात लिहिलेलं असतं. ते खोटं नाही. माझ्या धाकट्या बहिणीपर्यंत ते बरोबर पोचलं होतं. तिच्यापाशी येऊन थांबलं, आणि ते माझ्यामुळे थांबलं. हे आधीच सांगून टाकते. शेवटी ती पायलट होते असं वाचणाऱ्याला वाटायला नको.

माय धावपट्टीवर गवत कापायला जायची. गवत वाढलं की त्यात किडे होतात, किड्यांमागे पाखरं येतात आणि पाखरू विमानाला धडकलं तर घात. म्हणून गावातल्या दहाबारा बाया विळे घेऊन पावसाळाभर तिथे. विमान उतरायचं असलं की चौकीदार शिटी वाजवायचा, बाया दूर सरून उकिडव्या बसायच्या. एक दिवस माय घरी आली आणि हातपाय न धुताच म्हणाली, "आज विमानातून बाई उतरली."

"बसून आली असन," बाबूजी म्हणाले.

"बसून नाई, चालवून. बाजूच्या पोट्ट्याले शिकवून राहिली होती. वेणी हाये तिले."

वेणी आहे, हे मायनं अशा आवाजात सांगितलं की त्याच्यापुढे दुसरा पुरावा नको. मी तेव्हा गोंदियाला बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते, धाकटी आठवीत. ती पोळी खात होती. तिचा घास हातातच राहिला.

ही वेणीवाली मॅडम तिथे शिकवणारी एकटीच बाई. तिच्याआधी कोणी बाई शिकवायला आलीच नव्हती, असं तिथले जुने लोक सांगत. ती नागपूरकडची, बोलायला मोकळी. दुपारच्या सुट्टीत बाया फाटकाजवळच्या मोहाच्या झाडाखाली डबे सोडायच्या, तिथे ती यायची. मायच्या डब्यातले लाखोरीच्या डाळीचे वडे तिला आवडायचे.

"मॅडम, वरून आमची घरं दिसतात का वो?" एकीनं विचारलं.

"दिसतात. कोणाच्या छपरावर काय वाळत घातलंय तेही दिसतं."

"पाहा वो बाप्पा. आता लुगडं वाळू घालाचीबी सोय नाई राहिली."

सुट्टीच्या दिवशी मायचा डबा घेऊन धाकटी जायची. डबा दिला की तिनं परत फिरायचं, पण ती तिथेच बसून राहायची. मॅडमनं एकदा तिला फोनवर एक फोटो दाखवला. जुना, काळापांढरा. साडी नेसलेली एक बाई विमानाजवळ उभी. मॅडम म्हणाली, "आपल्या देशात पहिल्यांदा एकटीनं विमान उडवलं त्या बाईचा हा फोटो. साडी नेसून उडवलं."

धाकटीनं फोटो मोठा करून पाहिला. "अना पदर? वाऱ्यानं उडला नाई का?"

मॅडमच्या आधी माय बोलली. "खोचला असन. आमी चिखलात रोवणी करतो तं काय पदर सोडून करतो का?"

मॅडम हसली, पण मग म्हणाली की हा फोटो तिनं शाळेत असताना एका मासिकात पाहिला होता, कापून वहीत ठेवला होता, आणि त्या कागदामुळेच ती आज या मोहाखाली वडे खात बसली आहे.

हे सगळं मला धाकटीनं सांगितलं. ती मला सगळंच सांगायची. मॅडमनं काडीनं मातीत त्रिकोण काढून दाखवला तेही. विमान एका दिशेला जातं, वारा त्याला दुसरीकडे ढकलतो, तर खरं कुठे पोचणार ते काढायचं असतं, ते गणित. मॅडम तिला म्हणाली होती, "बारावीत फिजिक्स आणि गणित पाहिजे. हे दोन नसतील तर पुढचं काही बोलायचंच नाही. पैशाचं, स्कॉलरशिपचं मग पाहू. आधी गणित." धाकटीनं मला ते शब्द दोनदा ऐकवले. म्हणजे मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

तिला ते शोभतही होतं. बाबूजी एकदा धान उपणत होते, सूप वर धरून वाऱ्याची वाट पाहत. ती म्हणाली, "बाबूजी, तुमी वारा कोणीकडून येते ते पाहल्याशिवाय सूप हालवत नाई न? विमानबी तसंच हाये. वाऱ्याकडे तोंड केल्याशिवाय उठत नाई." बाबूजींनी सूप खाली ठेवलं, वर फिरणाऱ्या विमानाकडे पाहिलं, आणि मला म्हणाले, "हे खरं हाये का वो?"

आमच्या घरची ही रीत होती. कुठलीही गोष्ट खरी की नाही ते मी सांगायचं. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. घरातलीच नाही, मायच्या गवत कापणाऱ्या बायांच्या सगळ्या घरांतली पहिली. बाबूजींना सही करता यायची, वाचता येत नव्हतं. कोणताही कागद आला की ते पेन हातात धरून आधी विचारायचे, "ताईनं वाचलं का?" मी मान हलवली की सही. गावातले लोकही राशनचा, पिकविम्याचा, घरकुलाचा फॉर्म घेऊन माझ्याकडे यायचे. मला त्याचा गर्व होता. आजही आहे, खोटं कशाला बोलू. बसच्या दांड्याला लोंबकळून, दोन ड्रेसवर तीन वर्षं काढून मी ती पदवी घेतली आहे.

पण त्या दिवशी "खरं हाये का" या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं. मी "हो" म्हटलं. विमान वाऱ्याकडे तोंड करून का उठतं ते मला माहीत नव्हतं, आणि आठवीतल्या पोरीला माहीत होतं.

धाकटी दहावी झाली त्याच उन्हाळ्यात माझा बी.ए.चा निकाल लागला. तिला गणितात पंच्याऐंशी मार्क होते. मला माझ्या दहावीत गणितात पस्तीस होते, तेही काठावर ओढून दिलेले. तालुक्याच्या ज्युनियर कॉलेजात सायन्सचा फॉर्म भरायचा होता. ती माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "ताई, गणित घेजो."

"पाहते," मी म्हटलं.

मायनं तिला विहिरीवर पाठवलं. फॉर्मवर विषयांचा एक तक्ता होता. फिजिक्स, केमिस्ट्री पक्के. खाली गणित किंवा भूगोल, त्याच्याखाली जीवशास्त्र. मी जीवशास्त्रावर खूण केली, आणि गणिताच्या जागी भूगोलावर.

का केलं ते मी वर्षानुवर्षं स्वतःला समजावलं आहे. गणितात मार्क गेले तर टक्के जातील. टक्के गेले तर नर्सिंग जाईल. नर्सिंगची नोकरी खरी आहे, विमान हे मोहाखालचं बोलणं. गवत कापणारीच्या पोरीला विमान कोण देणार? हा सगळा विचार मी तेव्हा केला, आणि तो खोटाही नव्हता. पण पेन त्या चौकोनावरून सरकलं तेव्हा मनात अजून काहीतरी होतं, ते मी लिहिलं नाही तर हे लिहिण्यात अर्थ नाही. मला नको होतं की घरात माझ्यापेक्षा जास्त कळणारं कोणी असावं. एवढंच ते होतं.

बाबूजींनी विचारलं, "बराबर भरलं न?"

"हो."

त्यांनी सही केली. त्यांना सही करायला वेळ लागायचा, जीभ ओठात धरून करायचे.

कॉलेज सुरू झालं. तिसऱ्याचौथ्या दिवशी धाकटी सायकल भिंतीला टेकवून थेट माझ्याकडे आली. "ताई, गणिताच्या हजेरीत माह्यं नावच नाई."

ही वेळ होती. मी म्हणू शकले असते, चुकलं माझ्याकडून, चल उद्या बदलून आणू. मी म्हटलं, "जागा भरल्या असतील. मार्कांवर देतात ते."

"मले तं पंच्याऐंशी होते."

"तुझ्यापेक्षा जास्तवाले आले असतील. गोंदियाचे पोट्टे येतात तिथे."

ती सायकलीकडे वळली. "असन," म्हणाली, आणि सायकल आत घेतली. मला वाटलं, चला, झालं. ती माझ्याशी आधीसारखीच बोलत राहिली, फक्त त्या दिवसानंतर विमानाबद्दल मला काही सांगितलं नाही. ते माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

बारावीचा निकाल घेऊन ती मॅडमकडे गेली. मॅडम तिथलं काम सोडून एका मोठ्या कंपनीत विमान चालवायला जाणार होती, जायला आठवडा राहिला होता. मार्कलिस्ट पाहून मॅडमनं विचारलं, "गणित कुठे आहे?" धाकटीनं सांगितलं, जागा नव्हत्या. माय तिथेच होती, तिनं मला नंतर सांगितलं की मॅडमनं तो कागद उलटून मागची बाजूही पाहिली. मग म्हणाली की मुक्त शाळेतून एकटं गणित देता येतं, एक वर्ष लागेल, पण देता येतं. स्वतःचा नंबर लिहून दिला.

त्याच महिन्यात नर्सिंगला धाकटीचा नंबर लागला होता. एका संध्याकाळी बाबूजींनी आम्हा दोघींना समोर बसवलं. एका हाताला मिळालेली जागा, दुसऱ्या हाताला एक वर्ष थांबणं. त्यांनी धाकटीला विचारलं नाही. मला विचारलं. "तू शिकली हायेस. तू सांग."

धाकटी माझ्याकडे पाहत होती. आता मला वाटतं, ती तेव्हा वाट पाहत होती.

मी म्हटलं, "हातची जागा सोडू नये."

"बरं," धाकटी म्हणाली. तिनं मॅडमचा नंबर लिहिलेला कागद कुठे ठेवला मला माहीत नाही.

लोक मला सांगतील, आणि मीही सांगितलं आहे, की तसंही काही झालं नसतं. पायलट व्हायला लागतो तो पैसा आमच्या सात पिढ्यांनी पाहिला नाही. स्कॉलरशिप मिळेलच असं नव्हतं. डोळे, कान, वजन, हजार गोष्टी तपासतात. बरोबर आहे. कदाचित ती पहिल्याच दारातून परत आली असती. पण ते दार तिनं पाहिलं असतं. तिला 'नाही' म्हणणारं माणूस परकं असतं. घरचं नाही.

ती नर्स झाली. चांगली झाली. रायपूरला मोठ्या दवाखान्यात आहे, आयसीयूत. बाबूजी गेले तेव्हा शेवटचे चार दिवस तिनंच त्यांना सांभाळलं, मला तर सलाईनकडे पाहवत नव्हतं. धावपट्टीवर आता गवत मशीननं कापतात. मॅडमबद्दल माय अजून बोलते, जशी एखादी लग्न होऊन गेलेली पोरगी असावी.

मागच्या हिवाळ्यात मायचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. धाकटी सुट्टी काढून आली. डोळ्यात दोन प्रकारचे थेंब टाकायचे होते, एक टाकल्यावर पाच मिनिटं थांबून दुसरा. माय काळा चष्मा काढून खाटेवर उताणी पडायची, धाकटी डोक्याशी बसायची. तिसऱ्या दिवशी दुपारी पहिला थेंब टाकून ती घड्याळ पाहत होती. वर विमान फिरत होतं. आवाज बारीक झाला, खाली येऊ लागला, मग एकदम वाढला. धाकटी घड्याळातून मान वर न करता म्हणाली, "नवीन हाये. फारच वरून येऊन राहिला, म्हणून परत उठवलं." म्हणजे तिला अजून सगळं ऐकू येत होतं.

मला ते सोसवलं नाही. मी म्हटलं, "अकरावीत जागा भरल्या नव्हत्या. फॉर्मवर गणित मीच घेतलं नव्हतं."

"मले मालूम हाये," ती म्हणाली.

"केव्हापासून?"

"तवापासूनच. दुसऱ्या दिवशी मी क्लार्कले विचारलं. त्यानं फॉर्म काढून दाखवला. तुयं अक्षर. जागा तं दहा खाली होत्या म्हणे. बदलाचा अर्जबी देला त्यानं, पंधरा दिवसात बापाची सही आणजो म्हणाला."

मी विचारलं, मग आणली काऊन नाही.

ती मायच्या पापणीवरचं पाणी कापसानं टिपत होती. "आणला होता मी तो अर्ज घरी. त्या दिवशी बाबूजीनं तुया पदवीचा फोटो आणला होता फ्रेम करून. मायच्या साऱ्या बाया चहाले आल्या होत्या. बाबूजी साऱ्याइले सांगून राहिले होते, आता आमाले कोणाच्या दारी कागद वाचाले जा लागत नाई. आता त्याइच्यासमोर अर्ज ठेवला असता तं ते काय म्हणाले असते? ताईनं वाचलं का. मंग तुले वाचा लागलं असतं. साऱ्याइसमोर."

तो दिवस मला आठवत होता. भाड्याचा काळा गाऊन घातलेला माझा फोटो, बायांच्या हातातून फिरणारा, कोणाची तरी ओली बोटं काचेवर उमटली म्हणून मी ती पुसत होते. धाकटी दाराशी दप्तर घेऊन उभी होती. मी तिला म्हटलं होतं, उभी काय राहिलीस, चहा दे सगळ्यांना. तिनं दिला होता.

"अना बारावीनंतर?" मी म्हटलं. "बाबूजींनी मला विचारलं तेव्हा?"

"तवा मले वाटलं होतं, तू सांगशीन."

डोळे मिटून पडलेली माय म्हणाली, "कोणत्या फॉर्माचं बोलून राहिल्या वो?"

"काई नाई माय," धाकटी म्हणाली. "जुना हाये. राशनचा."

ती पुन्हा मला झाकत होती. इतक्या वर्षांनी, इतक्या सहज, हातसुद्धा न थांबवता. मी मायच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. फॉर्म, खूण, जागा भरल्या म्हणून सांगितलेलं खोटं. माय उताणीच पडून होती. ती माझ्याकडे पाहू शकत नव्हती, आणि त्याचं मला बरं वाटलं, हेही सांगते.

मायनं विचारलं, "तुया बाबूजीले मालूम होतं का?"

"नाही."

"बरं झालं," माय म्हणाली. एवढंच. मग तिनं चाचपडत हात वर केला, धाकटीचं मनगट सापडलं तिला, ते धरून ठेवलं. पाच मिनिटं कधीच होऊन गेली होती. धाकटीनं दुसऱ्या हातानं झाकण उघडून दुसरा थेंब टाकला.

सोमवारी मी तिला स्कूटीवर गोंदिया स्टेशनला सोडायला गेले. गाडीला वेळ होता. प्लॅटफॉर्मवर आम्ही भजी घेतली. मी म्हटलं, आताही गणित देता येतं, मी माहिती काढली आहे, वयाची अट नाही. ती म्हणाली, "ताई, नको. मले रागबी नाई, पण तू नको माहिती काढू."

मग कागदाला बोटं पुसत ती आपणहूनच बोलायला लागली. मागच्या वर्षी एका पेशंटला रायपूरहून हैदराबादला न्यायचं होतं, सोबत नर्स म्हणून तिला पाठवलं. विमानानं. ती पहिल्यांदाच बसली. तिनं घरी कोणालाच सांगितलं नव्हतं.

"काऊन नाही सांगितलं?"

"काय सांगाचं." ती रुळाकडे पाहत होती. "विमान उठाच्या आधी स्पीकरमधून कॅप्टन बोलते न, हवामान सांगते, किती वेळ लागते सांगते. बाईचा आवाज होता."

"मॅडम होती?"

"नाई. दुसरीच कोणीतरी. लहान वाटली आवाजावरून. माह्या वयाची असन."

"मग?"

"मंग काई नाई. पेशंटचं बीपी पडून राहिलं होतं, ते पाहत होती. खिडकीतून पाहाले भेटलंच नाई."

गाडी लागली. तिची पिशवी मी आत चढवून दिली. जागा खिडकीची होती, तिथे एक म्हातारा बसला होता, तिनं त्याला उठवलं नाही.